कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर प्रोटोकॉल खरंच पाळला जातो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या एक सिस्टर खासगी हॉस्पिटलच्या कार्डिॲक ॲम्ब्युलन्सवर नुकत्याच रुजू झाल्यात. ट्रेनिंगमध्ये छातीत दुखणाऱ्या पेशंटसाठीचा तक्ता त्यांच्या हातात दिला गेला आणि पहिल्याच आठवड्यात सीनियर म्हणाले, "ते कागदावर ठीक आहे, गाडीत असं चालत नाही." मग प्रोटोकॉल पाळायचा किती? आणि डॉक्टरांनी फोनवर त्याच्या उलट सांगितलं तर?

तुमच्या सीनियरचं म्हणणं अर्धंच खरं आहे. मी कोल्हापुरात बरीच वर्षं हेच काम करते. नवीन सिस्टर आणि ब्रदर लोकांना गाडीवर तयार करते आणि दर महिन्याला केसपेपर तपासायला बसते. तिथं जे दिसतं ते असं की तक्त्यात जे द्यायला सांगितलंय ते जवळजवळ सगळे देतात. ॲस्पिरिन सहसा राहत नाही, हाताला सलाइनची लाइन लावायची राहत नाही. गडबड होते दोन ठिकाणी: जे द्यायचं नाही तिथं, आणि जे एकदा करून भागत नाही, पुन्हा करायचं असतं तिथं. प्रोटोकॉल मोडला असं कुणालाच वाटत नाही, कारण हात सतत काही ना काही करत असतात.

आधी तुमची कायदेशीर जागा समजून घ्या. स्वीडन किंवा नेदरलँड्समध्ये ॲम्ब्युलन्समधली नर्सच पेशंटची जबाबदार असते आणि मार्गदर्शक सूचनांच्या चौकटीत औषध देण्याचा निर्णय तीच घेते. आपल्याकडे १०८ सेवा २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून गाडीत डॉक्टर असतात, बहुतेक बीएएमएस. नर्स असते ती हॉस्पिटलच्या स्वतःच्या गाडीवर. कधी डॉक्टर शेजारी बसलेले, कधी फक्त फोनवर. त्यामुळे आपला प्रोटोकॉल म्हणजे हॉस्पिटलच्या कार्डिओलॉजिस्टनी सही केलेली स्टँडिंग ऑर्डर, कधी काय द्यायचं याचा आधीच लिहून ठेवलेला आदेश. तुमच्या तक्त्यावर सही आणि तारीख आहे का ते उद्याच बघा. नसेल तर त्यातलं एकही औषध तुम्ही स्वतःहून देऊ शकत नाही, मग छपाई कितीही रंगीत असू दे.

आता 'द्यायचं नाही' वाला भाग. नर्सिंगला आपण सगळ्यांनी 'मोना' पाठ केलंय: मॉर्फिन, ऑक्सिजन, नायट्रेट, ॲस्पिरिन. परीक्षेत मार्क मिळाले, पण हा क्रम डोक्यात इतका घट्ट बसलाय की छातीत दुखतंय म्हटल्याबरोबर हात मास्ककडे जातो. या चारांतलं प्रत्येकाला लगेच द्यायचं असं एकच, ॲस्पिरिन. ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल, आणि पाठीत फाटल्यासारखं दुखतंय, दोन हातांच्या बीपीत मोठा फरक आहे असं काही नसेल, तर सुमारे ३०० मिलिग्रॅम, चावून. आपल्याकडच्या १५० च्या गोळ्यांना पोटात उशिरा विरघळणारं आवरण असतं, म्हणून दोन गोळ्या चावूनच खायला सांगायच्या. पाण्याबरोबर गिळल्या तर त्यांचा उपयोग फार उशिरा.

ऑक्सिजनचं मात्र बदललं. मेलबर्नच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की ज्यांचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) चांगलं आहे अशा हार्ट ॲटॅकच्या पेशंटना ऑक्सिजन दिल्यावर हृदयाचं नुकसान कमी होत नाही, उलट वाढलेलं दिसतं. मग २०१७ मध्ये स्वीडनमधल्या ६,६२९ पेशंटच्या अभ्यासात वर्षभरातल्या मृत्यूंवर ऑक्सिजनचा काहीही फायदा दिसला नाही. युरोपियन मार्गदर्शक सूचना आज सांगतात की सॅच्युरेशन ९० च्या खाली असेल तरच द्या. हे आपल्या तक्त्यातही आहे. तरी केसपेपरवर सॅच्युरेशन ९७ आणि शेजारीच 'ओटू ६ लिटर' असं लिहिलेलं मला अजून सापडतं.

कारण अज्ञान नसतं. कारण असतात दारात उभे असलेले आठ-दहा नातेवाईक. मुलगा ओरडत असतो, "ओ सिस्टर, ऑक्सिजन लावा की, नुसतं बघत काय बसलाय!" मास्क लावला की सगळे गप्प होतात. तो मास्क पेशंटसाठी नसतो, गर्दीसाठी असतो. मी काय करते सांगते. पल्स ऑक्सिमीटर बोटाला लावते, मुलालाच जवळ बोलावते आणि आकडा त्याला मोठ्यानं वाचायला लावते. "शहाण्णव? हां, मग बाबांना पुरेसा ऑक्सिजन आहे. नव्वदच्या खाली गेला की लगेच मला सांगा, नजर ठेवा." त्याला काम मिळतं आणि मला ईसीजी काढायला जागा. बहुतेक वेळा जमतं. जमलं नाही, जमाव अंगावर येतोय असं दिसलं, तर खुशाल मास्क लावा आणि केसपेपरवर लिहा: 'सॅच्युरेशन ९६, नातेवाइकांच्या आग्रहास्तव अल्प प्रवाह, गाडीत काढला'. ते लिहिलेलं वाचून मी कुणाला बोलत नाही.

दुसरी गोष्ट सॉर्बिट्रेट, म्हणजे 'मोना'मधलं नायट्रेट. ही गोळी आपल्याकडे घरातल्या देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली असते. तुम्ही पोचायच्या आत शेजारच्या काकांनी एक जिभेखाली ठेवलेलीच असते, कधी दोन. म्हणून पहिला प्रश्न हाच: काय काय दिलंय, किती वाजता? रिकामी स्ट्रिप मागून घ्या, तोंडी उत्तरावर जाऊ नका. वरचं बीपी ९० च्या खाली असेल तर नायट्रेट नाही. ईसीजीच्या टू, थ्री आणि एव्हीएफ या लीडमध्ये एसटी हा आलेखाचा भाग वर असेल, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा ॲटॅक असेल, तर आधी छातीच्या उजव्या बाजूला इलेक्ट्रोड लावून व्हीफोरआर ही लीड काढा. हृदयाचा उजवा कप्पाही ॲटॅकमध्ये सापडलाय असं दिसलं तर नायट्रेट दिल्यावर बीपी कोसळतं, आणि ते सावरताना तुमची तारांबळ उडेल.

आणखी एक प्रश्न विचारायला सगळे लाजतात: लैंगिक ताकदीची गोळी घेतली होती का? सिल्डेनाफिल २४ तासांत किंवा टॅडालाफिल ४८ तासांत घेतली असेल तर नायट्रेट द्यायचं नाही. सून आणि नातवंडं समोर असताना साठीच्या माणसाला हे विचारलं तर उत्तर 'नाही' हेच येणार. गाडीत घेतल्यावर, दार लागल्यावर, कानाशी विचारा. मी सरळ सांगते, "दादा, मी ताकदीच्या गोळीबद्दल विचारतेय ते तुमचा जीव वाचवायला, कुणाला सांगत नाही." पुरुष नर्स असेल तर त्यालाच विचारू द्या, खरं उत्तर लवकर मिळतं.

मॉर्फिन आमच्या गाडीत कुलपात असतं, बऱ्याच गाड्यांत नसतंच. असलं तरी इतर उपायांनी कळ थांबत नसेल तरच, थोडं थोडं शिरेतून, आणि डॉक्टरांच्या ऑर्डरनं. ते पोटाची हालचाल मंद करतं, त्यामुळे दिलेल्या रक्त पातळ करायच्या गोळ्या उशिरा लागू पडतात.

गावाकडून पेशंट आणायला जाता तेव्हा अजून एक बघा. छातीत जळजळतंय म्हणून तिथं ॲसिडिटीचं इंजेक्शन आणि कंबरेत डायक्लोफेनॅक देऊन झालेलं असतं. हार्ट ॲटॅकमध्ये हे वेदनाशामक देऊ नये, आणि पुढं गुठळी विरघळवायचं औषध द्यायचं ठरलं तर कंबरेत मोठी गाठ येऊन रक्त साकळतं. त्या डॉक्टरांशी वाद घालू नका. फक्त विचारा, लिहा आणि फोनवर सांगा.

आणि पेशंटला चालवू नका. हे औषध नाही म्हणून कुणी मोजत नाही, पण तक्त्यात आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांचे जिने तुम्ही बघितले असतील, स्ट्रेचर वळत नाही. माणूस म्हणतो, "काय नाही ओ, गॅस हाय, चालत येतोय की." चेअर आणा, खुर्चीला बांधा, आपले ड्रायव्हर मामा आणि दोन धडधाकट पोरं मिळवा. जिन्याच्या वळणावर कोसळलेल्या पेशंटवर शॉक देता येत नाही, सीपीआरही धड होत नाही.

आता 'पुन्हा करायचं' वाला भाग. माझ्या मते खरा प्रोटोकॉल इथं कळतो.

पेशंटपर्यंत पोचल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी, हे सगळ्यांना माहीत आहे. तो वेळेत निघतोही. पण कसा निघतो? घामानं छाती ओली असते, इलेक्ट्रोड सुटतात, मग घाईत जिथं चिकटेल तिथं लावले जातात. आधी गॉजनं कोरडं पुसा, केस असतील तर रेझर फिरवा, त्याला अर्धं मिनिट लागतं. व्हीवन आणि व्हीटू हे छातीवरचे इलेक्ट्रोड जवळजवळ नेहमी वर लागलेले सापडतात. गळ्याच्या खोबणीपासून बोट खाली आणा, छातीच्या मधल्या हाडावर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी जागा. तिथून मोजत चौथ्या जागेत यायचं, व्हीवन हाडाच्या उजवीकडे, व्हीटू डावीकडे. ते वर लागले तर नसलेला बदल दिसतो, आणि तिकडं कार्डिओलॉजिस्टला मोबाइलवर फोटो बघून झोपेतून उठून निर्णय घ्यायचा असतो. लीड वन उलटी आणि एव्हीआर सरळ दिसली तर आधी हाताच्या वायरी बघा, मग हृदयाचा विचार करा.

बायकांच्या बाबतीत तर इलेक्ट्रोड पदरावरून अंदाजानं लावलेले मी बघितलेत. घरातली एक बाई आत ठेवा, बाकी सगळ्यांना बाहेर काढा, दार लावा, वरून चादर घाला. स्तन वर उचलून व्हीफोर ते व्हीसिक्स खाली लावा. लाजेपायी चुकीचा काढलेला ईसीजी न काढल्यापेक्षा वाईट, कारण त्यावर 'नॉर्मल' असं लिहिलं जातं.

बायका, डायबेटिसवाले आणि पंचाहत्तरीच्या पुढचे यांच्यात प्रोटोकॉल मोडतो असंही म्हणता येत नाही, तो सुरूच होत नाही. ही माणसं बऱ्याचदा 'छातीत दुखतंय' असं म्हणतच नाहीत. "अंगात त्राण नाही", "जबडा ओढतोय", "पाठीत भरून आलंय", "दोनदा उलटी झाली, घाम सुटलाय". कॉलवर 'उलटी, अशक्तपणा' असं लिहिलेलं असतं, मग आपण ओआरएसच्या विचारात जातो. आदल्या रात्री तांबडा-पांढरा झालेला असेल तर मग विचारूच नका, घरच्यांनी निदान करूनच ठेवलेलं असतं. माझा नियम: नाभीपासून जबड्यापर्यंत कुठंही नवीन त्रास आणि घाम, तर ईसीजी. एक कागद वाया गेला तर गेला.

पहिला ईसीजी नॉर्मल आला आणि दुखणं चालूच आहे, तर तो पुन्हा काढायचा, दर १५ ते ३० मिनिटांनी किंवा दुखणं बदललं की. इथं कागद कोरे सापडतात. विचारलं की उत्तर येतं, "हॉस्पिटल जवळच होतं." शहरातल्या छोट्या फेऱ्यांत प्रोटोकॉल जास्त गळतो, लांबच्या फेऱ्यांत कमी. गाडी चालू असताना वेळच नाही असं वाटतं, आणि इमर्जन्सीच्या दारात तर पंधरा मिनिटं कोण बेड देतंय याची वाट बघण्यात जातात. ती पंधरा मिनिटं दुसऱ्या ईसीजीची.

दुखण्याचा आकडाही असाच. ० ते १० मध्ये किती, हे तक्त्यावर दोनदा लिहायचं असतं, सुरुवातीला आणि औषधानंतर. सुरुवातीचा असतो, नंतरचा नसतो. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना दहापैकी किती हे चटकन कळत नाही. मी विचारते, "आबा, रुपयातलं किती आणे दुखतंय?" "बारा आणे." अर्ध्या तासानं, "आता?" "चार आणे राहिलंय." मी लिहिताना त्याचा आकडा करते. चार आणे राहिलंय म्हणजे थांबलेलं नाही, हे वरच्या डॉक्टरांना कळवायचं असतं.

सगळ्यात मोलाचा दुसरा ईसीजी घाटात येतो, हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये कुणी सांगणार नाही. हिशेब बघा. ईसीजीवर एसटी वर गेलेला मोठा ॲटॅक ठरला की १२० मिनिटांत कॅथलॅबमध्ये शीर उघडता येत असेल तर अँजिओप्लास्टी, येत नसेल तर आहे तिथंच गुठळी विरघळवायचं औषध, तेही निदानापासून १० मिनिटांत सुरू. समजा रत्नागिरीतून पेशंट कोल्हापूरला आणायचा आहे. आंबा घाट, पावसाळा, ट्रकची रांग. १२० मिनिटांत ते बसत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ते गुठळीचं औषध, टेनेक्टेप्लेज, दिलं आणि पेशंट तुमच्या ताब्यात दिला. हा अर्धवट उपचार नाही, हाच प्रोटोकॉल आहे. गोव्यानं २०१८ पासून बांबोळीच्या मेडिकल कॉलेजभोवती नेमकी हीच साखळी बांधली: लांबच्या आरोग्य केंद्रावर ईसीजी, तज्ज्ञांकडून लगेच वाचन, औषध तिथंच, मग गाडी.

पण औषध लागू पडलं की नाही हे ६० ते ९० मिनिटांनी ईसीजी काढूनच कळतं. ज्या लीडमध्ये एसटी सगळ्यात जास्त वर होता तिथं तो निम्म्यानं तरी खाली आला पाहिजे. आणि ती ६० ते ९० मिनिटं बरोब्बर तुमच्या गाडीत येतात, घाटाच्या वळणांवर. चालत्या गाडीत कागदावर नुसत्या लाटा येतात. तेव्हा मामांना सांगायचं, "सुरक्षित जागा बघून दोन मिनिटं थांबा, इंजिन बंद करा." नातेवाईक पुढून विचारतील का थांबलो, त्यांना आधीच सांगून ठेवा. एसटी उतरला नसेल, दुखणं तसंच असेल, तर लगेच फोन: हा पेशंट वॉर्डात नाही, सरळ कॅथलॅबमध्ये घ्यायचा आहे, टीम बोलावून ठेवा. तो फोन तुम्ही घाटातून केला तर टेबल तयार असतं. पोचल्यावर केला तर पुढचा तास टीम जमण्यात जातो. घाटात काही ठिकाणी रेंज नसते, म्हणून कुठं मिळते ते मामांना विचारून ठेवा, त्यांना पाठ असतं.

या वेळात मॉनिटरवर विचित्र ठोके दिसतील. रुंद, सावकाश, एका लयीत, बीपी ठीक, पेशंट बोलतोय: बऱ्याचदा ते रक्त पुन्हा सुरू झाल्याचं लक्षण असतं. स्ट्रिप काढून ठेवा, औषधाला हात लावू नका, डॉक्टरांना कळवा. डिफिब्रिलेटरचे पॅड मात्र असा पेशंट गाडीत घेतल्यापासून छातीवर चिकटलेले असू द्या.

घड्याळाचं एक. ईसीजी मशीन एक वेळ दाखवतं, मॉनिटर दुसरी, तुमचा मोबाइल तिसरी. आमच्याकडं एकदा कागदांप्रमाणं पेशंटला ईसीजी निघायच्या आधी औषध दिलेलं निघालं, कारण मशीनचं घड्याळ अकरा मिनिटं पुढं होतं. ड्यूटीवर येताना ऑक्सिजनचा सिलिंडर बघता तसं घड्याळ मोबाइलशी जुळवा. १० मिनिटं आणि १२० मिनिटं हे सगळे हिशेब त्यावरच आहेत.

आता अनुभवाचा मुद्दा, म्हणजे तुमच्या सीनियरचा. प्रोटोकॉल सोडायला लागतो, हे बरोबर. हार्ट ॲटॅक नसून महाधमनी फाटली असावी असा संशय आला तर ॲस्पिरिन थांबवून फोन करणं योग्यच. दोन मजले जिना असेल तर ईसीजी वर घरात आधी, की खाली गाडीत, हे जागेवरच ठरतं. पण ज्यानं सोडलं त्यानं एका ओळीत कारण लिहिलं पाहिजे. मी केसपेपर तपासते तेव्हा 'दिलं नाही' याचा मला राग येत नाही. रकाना कोरा असला की येतो, कारण तेव्हा कळत नाही की विचार करून सोडलं, की विसरलं. रेफर होऊन आलेल्या पेशंटमध्ये तर कोरा रकाना धोक्याचा. तिथं क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळीचा लोडिंग डोस, म्हणजे पहिला मोठा डोस, झालेला असतो, चिठ्ठीवर नसतो, आणि इथं पुन्हा दिला जातो.

राहिला फोनवरच्या ऑर्डरचा प्रश्न. रात्री तीनला डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, सॉर्बिट्रेट द्या," आणि तुमच्यासमोर बीपी ८४ आहे. 'प्रोटोकॉलमध्ये नाही' असं म्हणू नका, भांडण होतं. आकडा सांगा: "सर, बीपी ८४ आहे, टू-थ्री-एव्हीएफ वर आहे, व्हीफोरआर काढून पाठवू का?" बहुतेक डॉक्टर लगेच थांबतात, कारण त्यांना तो आकडा माहीत नसतो. तरीही द्या म्हणाले तर, "सर, बीपी ८४ असताना सॉर्बिट्रेट ५ जिभेखाली, बरोबर?" असं पूर्ण वाक्य परत म्हणून दाखवा. त्या वाक्यानंतर आग्रह धरणारे मला क्वचितच भेटलेत. तरी धरला, तर मी देत नाही. गाडीतून इमर्जन्सीच्या ड्यूटी डॉक्टरांना जोडून घेते आणि लिहिते: ऑर्डर कुणी दिली, किती वाजता, बीपी किती, दिलं की नाही, का नाही.

फोनवरच्या प्रत्येक ऑर्डरवर नंतर सही घ्यायची, पोचल्या पोचल्या, डॉक्टर कॅथलॅबमध्ये शिरायच्या आत. तुमच्या केसपेपरवर फोन ऑर्डरसाठी वेगळा रकाना नसेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगून पुढच्या छपाईत घालून घ्या, तोवर मागच्या कोऱ्या बाजूला लिहा.